दारू उतरते ती यकृताच्या वेगानेच

‘कडक कॉफी पाजा, थंड पाण्याने अंघोळ घाला, लगेच उतरेल’ हा सल्ला चांगली शिकलेली माणसंही इतक्या खात्रीने देतात की तो ठामपणे खोडून काढायलाच हवा. कॉफीने झोप उडते. रक्तातलं अल्कोहोल मात्र तेवढंच राहतं, आणि डोळे उघडले म्हणून माणूस गाडीची किल्ली मागतो, हा त्यातला मोठा धोका.

इथेनॉलला पचन लागत नाही. त्याचा रेणू लहान आणि पाण्यात सहज मिसळणारा असतो. थोडा जठरातून, बहुतेक लहान आतड्यातून तो थेट रक्तात शिरतो. पोट भरलेलं असेल तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून चढतेही उशिरा. श्वास, लघवी आणि घाम यांतून बाहेर पडतं ते जेमतेम २ ते १० टक्के. बाकीचं जवळपास सगळं यकृताच्या अंगावर येतं.

यकृताच्या पेशीत अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) इथेनॉलमधला हायड्रोजन काढून घेतं आणि ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. हे चांगलंच विषारी. मग मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातलं) दुसरं विकर त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं, ज्याचं शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. दोन्ही पायऱ्यांवर निघालेला हायड्रोजन उचलतो एनएडी नावाचा रेणू, आणि सगळी गंमत इथेच आहे. पेशीत एनएडी मोजकाच असतो. हायड्रोजन घेतल्यावर त्याचा एनएडीएच होतो, आणि तो मायटोकॉन्ड्रियात हायड्रोजन सोपवून मोकळा होईपर्यंत पुढच्या इथेनॉलला थांबावं लागतं. त्यात पहिलं विकर थोड्याशा अल्कोहोलनेच पूर्ण क्षमतेला पोचतं. बहुतेक औषधं रक्तात जास्त असली की तासाला जास्त बाहेर जातात. अल्कोहोलचं तसं नाही. थोडी प्या किंवा भरपूर, प्रौढ माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते ८ ग्रॅमच हातावेगळं करतं. रोज पिणाऱ्यांत आणखी एक विकर वाढतं आणि वेग थोडा चढतो, पण तेच विकर पॅरासिटामॉलपासून यकृताला घातक पदार्थ बनवतं.

आता हिशेब करून पाहू. ४० टक्के अल्कोहोल असलेली १८० मिलिलिटर दारू म्हणजे ७२ मिलिलिटर शुद्ध इथेनॉल, वजनाने सुमारे ५७ ग्रॅम. ती पूर्ण उतरायला सात-आठ तास लागतात. रात्री बाराला ग्लास खाली ठेवून सकाळी सहाला गाडी काढणाऱ्याच्या रक्तात ती अजून असू शकते. ‘लिव्हर डिटॉक्स’च्या नावाने विकली जाणारी चूर्णं आणि सरबतं या हिशेबात मिनिटाचाही फरक पाडत नाहीत. तो धंदा लोकांच्या भीतीवर चालतो.

एनएडीएच साचला की पेशीतली इतर कामंही बिघडतात. चरबी जाळायलाही एनएडीच लागतो. तो अडकला की चरबी यकृतातच साठते, आणि फॅटी लिव्हर बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. यकृताचं नवीन ग्लुकोज बनवणंही मंदावतं. उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाची साखर त्यामुळे धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. तो बरळतो, घामाने भिजतो, आणि सोबतचे ‘जास्त झालीय, झोपू दे’ म्हणून दिवा घालवतात. जागा होत नसेल तर त्याला रुग्णालयातच न्यायला हवं.

ॲसिटाल्डिहाइड तर डीएनएलाच इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच पहिल्या गटातलं, म्हणजे सिद्ध झालेलं कर्करोगकारक ठरवलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. पूर्व आशियातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांत ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट करणारं ते दुसरं विकर जन्मतःच दुबळं असतं. दोन घोटांत त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते. तरीही पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. काहीजण ती लाली लपवायला आम्लपित्ताची गोळी घेऊन पितात. चेहऱ्याची लाली कमी होते, ॲसिटाल्डिहाइड मात्र कमी होत नाही.