टाकाऊ टरफलांपासून बोन ग्राफ्ट

अपघातात हाडाचा तुकडा गेला किंवा दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजलं तर डॉक्टर तिथं जे दाणे नाहीतर पावडर भरतात त्याला बोन ग्राफ्ट म्हणतात, आणि हा माल अंड्याची टरफलं, माशाचे खवले, जनावरांची हाडं असल्या फेकून द्यायच्या वस्तूंपासूनही बनतो. पेशंटच्याच कंबरेचं हाड काढून लावणं अजूनही सगळ्यात भरवशाचं, पण त्यासाठी दुसरीकडं चिरावं लागतं आणि हाड मिळतंही मोजकंच, म्हणून ही खटपट.

हाडाच्या वजनात 65-70 टक्के खनिज, मुख्यतः हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. टरफलात जवळपास 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट, मग लातूर-नांदेडला ऑम्लेटच्या गाड्यामागं रोज भरणारी बादली म्हणजे कच्चा मालच की.

टरफलं उकळायची, आतला पातळ पापुद्रा सोलून काढायचा (राहिला तर भट्टीत केस जळाल्यासारखा वास येतो), वाळवून दळायची आणि 900 अंशाच्या आसपास भाजायची. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, 100 ग्रॅमचे जेमतेम 53-55 ग्रॅम उरतात, आणि जे उरतं तो आपला कळीचा चुनाच. तो पाण्यात विझवून त्यात फॉस्फोरिक ॲसिड थेंब थेंब सोडतात, घाई केली आणि पीएच (आम्लपणाचं माप) खाली गेला, म्हणजे आम्लपणा वाढला की भलतंच फॉस्फेट तयार होतं. कॅल्शियम-फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण हायड्रॉक्सीॲपेटाइटइतकं, म्हणजे 1.67 यायला पाहिजे, मग गाळा, धुवा, वाळवा, परत भाजा.

खवल्यांचं वेगळं आहे. जायकवाडीच्या रोहू-कटल्याचे खवले घेतले तर त्यात हायड्रॉक्सीॲपेटाइट आयतंच असतं, वर कोलॅजन, म्हणजे हाडातलं चिवट प्रथिनही मिळतं. गाईबैलांच्या हाडांचे दाणे जगभर दातांचे डॉक्टर वापरतात, पण आपल्याकडं 2015 पासून गोवंश हत्याबंदी, शिवाय काही पेशंटना ते श्रद्धेमुळं चालत नाही, तेव्हा टरफल बरं पडतं. 2022 ला लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीन फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायीचा शंखही कॅल्शियम कार्बोनेटचाच, पण शेतातला माल असल्यामुळं जड धातू आहेत का ते आधी तपासावं लागेल, ते भट्टीत जळून जात नाहीत.

आता फुकट माल म्हणजे स्वस्त ग्राफ्ट असं कुणी समजू नये. खरा खर्च शुद्धता, निर्जंतुकीकरण, पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या चाचण्या अन् परवानगीत जातो. दाण्याला किमान 100 मायक्रॉनची (मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी) छिद्रं लागतात, नाहीतर आत नवं हाड अन् रक्तवाहिन्या शिरत नाहीत. आणि माल ठिसूळ, त्यामुळं मांडीच्या हाडात नुसता भरून भार पेलत नाही, प्लेट-स्क्रू लागतातच.

घरी टरफलं भाजून फ्रॅक्चरच्या जखमेवर लावायचा उद्योग मात्र अजिबात करू नये, कळीच्या चुन्यानं कातडी भाजते.