सुगम्यतेची जाणीवजागृती आणि सुगम्यतेचे प्रशिक्षण: एकाच नावाखाली खपणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी

वास्तुविशारद, अभियंते आणि ठेकेदार यांना ‘सुगम्य इमारतींचे’, म्हणजे दिव्यांग व्यक्तींना अडथळ्याविना वापरता येतील अशा इमारतींचे, ‘प्रशिक्षण दिले’ असे एखाद्या अहवालात वाचले की त्या दिवशी प्रत्यक्षात काय झाले, असे मी विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. अर्ध्या दिवसाचे सत्र झाले, चित्रफीत दाखवली, एका दिव्यांग वक्त्याने आपले अनुभव सांगितले, उपस्थितांना डोळ्यांवर पट्टी बांधून चालवले आणि शेवटी प्रमाणपत्रे वाटली. याला जाणीवजागृती म्हणतात. प्रशिक्षण यात कुठेच झालेले नसते, तरी नोंद मात्र प्रशिक्षणाची होते, त्यासाठीचा निधी खर्ची पडतो आणि पुढची अनेक वर्षे ‘आमच्या लोकांचे ते झालेले आहे’ असे सांगितले जाते.

जाणीवजागृती काय असते हे वाचकांना माहीत आहे, म्हणून तिच्यावर फार शब्द घालवत नाही. अपंगत्वाकडे दयेने किंवा दुर्लक्षाने पाहणाऱ्या माणसाने ते हक्काच्या नजरेतून पाहावे, हा तिचा हेतू आहे आणि तो पूर्णपणे योग्य आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराने तिला स्वतंत्र स्थान दिले असून त्याचे कलम ८ केवळ जाणीवजागृतीविषयी आहे. प्रशिक्षणाचा उल्लेख मात्र कलम ९ मध्ये, म्हणजे सुगम्यतेच्या कलमात येतो. तिथे किमान मानके तयार करणे, ब्रेल लिपीतील फलक लावणे अशा ठोस कामांच्या रांगेत, संबंधितांना सुगम्यतेच्या प्रश्नांबाबत प्रशिक्षण देणे हेही एक काम म्हणून सांगितले आहे. करार करणाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या कलमांत ठेवल्या, आणि आपण त्या एकाच दुपारी उरकतो.

कालावधी, शुल्क, सभागृहात की ऑनलाइन, प्रमाणपत्रावर कोणाची सही, हे फरक किरकोळ आहेत. दोन तासांचे नेमके प्रशिक्षण असू शकते आणि तीन दिवसांची नुसती जाणीवजागृतीही असू शकते. गोंधळ होतो तो एकाच मुद्द्यावर: सत्र संपल्यावर त्या माणसाला कोणते काम करता येऊ लागले? जाणीवजागृतीमुळे तो सहमत होतो. प्रशिक्षणामुळे त्याच्या हातून निघणारे ड्रॉइंग, बांधकाम किंवा तपासणी बदलते. सहमत झालेला माणूस आणि सक्षम झालेला माणूस सभागृहातून बाहेर पडताना सारखेच दिसतात, त्यामुळे आयोजकांना फरक कळत नाही. तो कळतो इमारत उभी राहिल्यावर, आणि तेव्हा दुरुस्ती म्हणजे तोडफोड असते.

हा फरक रॅम्पवर नीट दिसतो. पुढची मापे अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांतील आहेत. ज्याने त्याने आपल्याला लागू असलेले मानक पाहावे. रॅम्प हवा, हे सर्वांना पटलेले असते आणि १:१२ हे गुणोत्तर, म्हणजे एक मीटर उंचीसाठी बारा मीटर लांबी, तर अनेकांना तोंडपाठ असते. आता इमारतीचे जोते जमिनीपासून ४५० मिलिमीटर उंच आहे असे समजू. १:१२ ने ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो, आणि वर व खाली प्रत्येकी १५२५ मिलिमीटरची सपाट जागा धरली की एकूण ८.४५ मीटर होतात. ज्या वास्तुविशारदाला हे माहीत आहे तो प्रवेशद्वाराची जागाच वेगळी निवडतो किंवा जोत्याची उंची कमी करतो. ज्याला फक्त ‘रॅम्प हवा’ एवढेच पटलेले आहे तो सगळा आराखडा पूर्ण करतो, शेवटी प्रवेशाजवळ उरलेल्या चार मीटरांत उतार कोंबतो आणि त्यावर व्हीलचेअरचे चिन्ह काढतो. त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला ते काम कोणी शिकवले नव्हते.

ड्रॉइंग बरोबर असले तरी काम संपत नाही. गवंडी दोन टोकांना दोरी बांधून उतार काढतो, पण मधला गिलावा हाताने ओढतो. टोकापासून टोकापर्यंत सरासरी १:१२ भरते, मात्र मधल्या एखाद्या मीटरभर भागात तो १:९ झालेला असतो. व्हीलचेअर सरासरीवरून चालत नाही. ती चढवणाऱ्याचे हात त्याच एका मीटरवर थकतात किंवा खुर्ची तिथेच मागे जाऊ लागते. शिवाय पाणी निघून जावे म्हणून रॅम्पला आडवा उतार देतात, तो १:४८ पेक्षा जास्त झाला की खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते आणि वापरणाऱ्याला एका हाताने जास्त जोर लावत राहावे लागते. वरच्या सपाट जागेवर नंतर फरशी बसवली की रॅम्पच्या टोकाला दोन-तीन सेंटिमीटरची धार उभी राहते आणि पुढची छोटी चाके तिथे अडतात. या तिन्ही चुका ६०० मिलिमीटर लांबीची डिजिटल लेव्हल जागोजागी ठेवून काही मिनिटांत पकडता येतात. सुपरवायझरला ती कुठे ठेवायची, कोणत्या दिशांना ठेवायची आणि कोणत्या आकड्याला काम नाकारायचे हे सांगणे म्हणजे प्रशिक्षण. चित्रफितीत यातले काही नसते.

दाराचेही असेच आहे. दार उघडल्यावर मोकळी रुंदी ८१५ मिलिमीटर हवी, म्हणून ड्रॉइंगवर ९०० चे ओपनिंग दाखवले जाते आणि सगळे निर्धास्त होतात. त्यात दोन्ही बाजूंना साठ-साठ मिलिमीटरची चौकट बसली की ७८० उरतात, आणि नव्वद अंशांत उघडलेल्या फळीची जाडी त्यातूनही काही खाते. भिंतीतले ओपनिंग, चौकटीच्या आतले माप आणि दार उघडे असताना मिळणारी मोकळी रुंदी ही तीन वेगळी मापे आहेत, आणि मानक फक्त तिसऱ्याविषयी बोलते. दार आपल्याकडे ओढून उघडायचे असेल तर कडीच्या बाजूला ४५५ मिलिमीटर मोकळी भिंतही लागते, कारण बसलेल्या माणसाला दार ओढताना त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे लागते. हे कारण समजले की आकडा लक्षात राहतो आणि जागा अडचणीची असेल तेव्हा कशात तडजोड चालेल व कशात नाही, हेही ठरवता येते. कारणाशिवाय दिलेल्या मापांची यादी पहिल्याच अडचणीत बाजूला पडते.

माझे मत विचाराल तर प्रशिक्षणाची सुरुवात रॅम्पपासून न करता स्वच्छतागृहापासून करावी. रॅम्प बाहेर असतो, सर्वांना दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जातेच. स्वच्छतागृहातल्या चुका दाराआड राहतात, आणि त्यांच्यामुळे माणसे दिवसभर पाणी पिणे टाळतात. कमोडशेजारचा आधाराचा दांडा सुमारे ११३ किलो वजनाइतका भार घेऊ शकला पाहिजे. खुर्चीतून कमोडवर सरकताना माणूस आपले जवळजवळ सगळे वजन त्या एका दांड्यावर टाकत असतो. पोकळ विटांच्या किंवा जिप्सम बोर्डाच्या भिंतीत साधे स्क्रू मारून लावलेला दांडा कधीतरी उपटून हातात येतो. भिंतीत भक्कम आधार ठेवायचा तर तो टाइल्स लागण्याच्या कितीतरी आधी, भिंत उभी राहत असतानाच ठेवावा लागतो. दांडा कोणत्या उंचीवर येणार हे प्लंबरला आणि गवंड्याला त्या दिवशी माहीत असले पाहिजे. ती दोघे मात्र कोणत्याही कार्यशाळेच्या निमंत्रणपत्रिकेत नसतात.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. जाणीवजागृतीचे एकच सत्र सर्वांना चालते. प्रशिक्षण कामानुसार वेगळे असावे लागते. स्ट्रक्चरल अभियंत्याने स्वच्छतागृहाचा स्लॅब पुरेसा खाली घेतला नाही तर फरशी वर येते आणि दारात उंबरठा तयार होतो, तेव्हा त्याला शिकवायचे ते स्लॅबच्या पातळीविषयी. खरेदी पाहणारा माणूस पैसे वाचवण्यासाठी दांडीच्या हँडलऐवजी गोल मूठ मागवतो, आणि बोटांत ताकद नसलेल्या माणसाला ती फिरवता येत नाही; त्याला कळायला हवे की यादीतली कोणती वस्तू बदलायची नाही. परवानगी देणाऱ्या तपासनिसाला मोजायला शिकवावे लागते, कारण त्याने फक्त ‘रॅम्प आहे’ अशी खूण केली तर बाकीच्यांचे शिकणे वाया जाते. दृष्टिहीनांसाठीच्या फरशीवर उंच ठिपके म्हणजे ‘थांबा, सावध व्हा’ आणि लांब पट्ट्या म्हणजे ‘या दिशेने चला’. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केलेली ही फरशी १९६७ मध्ये जपानमधील ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसली. इतक्या वर्षांनंतरही ठिपक्यांच्या फरशा शोभेसाठी सरसकट अंथरलेल्या आणि पट्ट्यांची वाट थेट खांबावर जाऊन संपलेली पाहावी लागते, कारण फरशी बसवणाऱ्याला तिचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

डोळ्यांवर पट्टी बांधण्याच्या आणि तासभर व्हीलचेअरवर बसवण्याच्या खेळाला माझा स्पष्ट विरोध आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात अशा प्रयोगांनंतर सहभागींना गोंधळल्यासारखे आणि असहाय वाटले, पण दिव्यांग व्यक्तींकडे पाहण्याची त्यांची वृत्ती सुधारली नाही, असे आढळले. यात नवल नाही. अचानक दिसेनासे झालेल्या माणसाची तारांबळ आणि वर्षानुवर्षे पांढरी काठी वापरणाऱ्याचे कौशल्य यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वास्तुविशारदाच्या दृष्टीने याहून वाईट परिणाम असा, की ‘मी स्वतः अनुभव घेतला आहे’ या समजुतीने तो पुढे मापे तपासणे आणि वापरणाऱ्यांना विचारणे दोन्ही सोडतो. तो तासभर टेप, लेव्हल आणि एक खरी पायरी यांवर घालवला तर निदान एक गोष्ट हाताला शिकता येते.

दिव्यांग व्यक्तींना या कामात जी जागा दिली जाते तीही याच गोंधळातून ठरते. जाणीवजागृतीत त्यांना आपली कहाणी सांगायला बोलावतात. प्रशिक्षणात त्यांच्यापुढे ड्रॉइंग ठेवले पाहिजे आणि तज्ज्ञाइतकेच मानधन दिले पाहिजे. कर्णबधिर व्यक्ती स्वागतकक्षाचा आराखडा पाहून लगेच सांगते की खिडकी कर्मचाऱ्याच्या पाठीमागे आहे, त्यामुळे त्याचा चेहरा अंधारात राहील आणि ओठ वाचता येणार नाहीत. आगीचा इशारा फक्त भोंग्याने दिला तर स्वच्छतागृहात एकट्या असलेल्या कर्णबधिर माणसाला तो कळणार नाही, तिथे चमकणारा दिवा हवा, हेही तीच सांगते. सुगम्यता म्हणजे व्हीलचेअर एवढेच समजणाऱ्या सत्रांतून या गोष्टी कायम निसटतात.

मापे उपलब्ध नाहीत, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत सुगम्य इमारतींचे पहिले मानक १९६१ मध्ये आले. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २१५४२ हे २०११ मध्ये आले आणि २०२१ मध्ये सुधारले गेले. मापे कागदावर आहेत; ती कामाच्या जागी पोहोचवण्याचे काम उरले आहे, आणि तेवढ्यासाठीच प्रशिक्षण असते.

म्हणून जाणीवजागृती टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. इमारतीचा मालक, खर्च मंजूर करणारी समिती, नंतर इमारत सांभाळणारे व्यवस्थापन, या मंडळींना रॅम्पची मापे शिकवून उपयोग नाही. त्यांना हे काम का करायचे ते पटले पाहिजे, नाहीतर सुगम्य स्वच्छतागृहात बादल्या आणि झाडू ठेवले जातील आणि त्याला कुलूप लागेल. त्यांच्यासाठी जाणीवजागृतीच योग्य आहे. जो आखतो, बांधतो, विकत घेतो किंवा तपासतो त्याच्यासाठी मात्र ती अपुरी आहे, आणि तिला प्रशिक्षणाचे नाव दिले की ती नुकसान करते, कारण खऱ्या प्रशिक्षणाची जागा भरली गेली असा आभास होतो.

पुढच्या वेळी ‘सुगम्यता प्रशिक्षण’ असा प्रस्ताव समोर आला तर आयोजकाला एवढेच विचारावे की शेवटी परीक्षा कशाची आहे. सहभागींना चुका असलेले ड्रॉइंग देऊन त्या शोधायला व दुरुस्त करायला सांगणार का? एखाद्या उभ्या इमारतीत नेऊन दाराची मोकळी रुंदी, रॅम्पचा दोन्ही दिशांचा उतार आणि कमोडशेजारची जागा मोजून लेखी शेरा द्यायला लावणार का? सहा महिन्यांनी त्यांच्याच चालू कामावर जाऊन तीच मापे पुन्हा घेणार का? तिन्हींना नाही असे उत्तर आले तर प्रस्तावावर ‘जाणीवजागृती’ असे लिहून घ्यावे आणि प्रशिक्षणाचा निधी प्रशिक्षणासाठीच राखून ठेवावा.