ईस्टरची तारीख आणि आपली पौर्णिमा

दाते पंचांगाच्या सोलापुरात ईस्टरचं कोडं अवघड वाटू नये, कारण हा सणही चंद्रावरच चालतो.

नाताळ ठरलेला, २५ डिसेंबर. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, मात्र २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही येतो. वधस्तंभाची घटना यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळची, आणि वल्हांडण पौर्णिमेला बांधलेला. म्हणून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांचा नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा गेली, की पुढचा रविवार ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली तर आठवडाभर थांबायचं. २०२५ मध्ये १३ एप्रिलला तसंच झालं आणि सण २० एप्रिलला गेला.

ही पौर्णिमा आकाशातली नाही, चर्चच्या ठरलेल्या कोष्टकातली. खरी पौर्णिमा देशागणिक वेगळ्या तारखेला पडू शकते. कोष्टकामुळे सगळीकडे एकच रविवार मिळतो. कागदावर करून बघा. २०२६ ला १९ ने भागा, बाकी १२. तिला १९ ने गुणून २४ मिळवा: २५२. त्याला ३० ने भागा, बाकी पुन्हा १२. २१ मार्चपुढे १२ दिवस म्हणजे २ एप्रिल, गुरुवार. ईस्टर ५ एप्रिलला. हनुमान जयंतीही २ एप्रिललाच. ही रीत १९०० ते २१९९ पर्यंत चालते.

१९ च का? १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात: १९ गुणिले १२ म्हणजे २२८, वर सात. आपले १९ वर्षांतले सात अधिकमास ते हेच.

हिशोब चुकतो तो शेवटच्या बाकीत. ती २९ आली तर २८ धरायची. २८ आली आणि पहिली बाकी १० पेक्षा मोठी असेल तर २७. २०१९ मध्ये २९ आली होती. त्या वर्षी खरी पौर्णिमा धुळवडीला, २१ मार्चला होती, पण कोष्टकात ती २० ला पडली. एका दिवसाच्या फरकानं ईस्टर २४ मार्चऐवजी २१ एप्रिलला आला.

ईस्टर हाती आला की मागे ४६ दिवस मोजा: राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. बरेच जण ४० मोजतात आणि मंगळवारी येऊन अडकतात. उपवासाचे दिवस ४०च, पण मधले सहा रविवार त्यांत धरत नाहीत. झावळ्यांचा रविवार (पाम संडे) ईस्टरच्या सात दिवस आधी, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) दोन दिवस आधी, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) ईस्टरनंतर ४९ दिवसांनी.

उत्तम शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर तलावाकाठी जाऊन पाहा. चंद्र कदाचित उशिरा उगवेल, पण दिसेल तो पूर्ण किंवा थोडा उतरलेला. कोर कधीच नाही.