टॉम अँड जेरी: थिएटरवालं आणि शनिवार सकाळवालं

बरेच जण १९७५ च्या टॉम अँड जेरीचा एखादा एपिसोड बघतात आणि विचारतात, नाव तर मूळ जोडीचं, हाना-बार्बेराचंच आहे मग मजा का येत नाहीये? कारण माणसं तीच असली तरी ही दोन वेगळी कार्टून्स आहेत.

थिएटरवालं म्हणजे १९४० ते १९५८ मधलं, एमजीएम स्टुडिओत विल्यम हाना आणि जोसेफ बार्बेरा यांनी केलेलं. ११४ शॉर्ट्स, म्हणजे छोट्या कार्टून फिल्म्स, ७ ऑस्कर. मोठ्या पडद्यासाठी बनवलेलं, डायलॉग जवळपास नाहीतच, स्कॉट ब्रॅडलीचं म्युझिकच सगळं बोलतं. 'द कॅट कॉन्सर्टो' बघा, टॉम पियानो वाजवतोय आणि जेरी आत झोपलाय, तिथे मारामारीसुद्धा संगीतकार फ्रान्झ लिस्टच्या सुरावर चालते. आणि टॉमची ती किंकाळी, ती बऱ्याचदा स्वतः हानाची आहे!

शनिवार सकाळवालं सुरू झालं सप्टेंबर १९७५ मधे, अमेरिकेत एबीसी चॅनलवर. तोवर या दोघांची स्वतःची कंपनी होती आणि टीव्हीचं बजेट तुटपुंजं. हिशोब करून बघा, आधी १८ वर्षांत ११४ म्हणजे वर्षाला साधारण सहा, आणि इथे एका सीझनमधे ४८. मग ड्रॉइंग्ज कमी, हालचाल कमी, तेच तेच बॅकग्राउंड पुन्हा.

पण मला विचाराल तर खरं नुकसान त्याने नाही झालं. तेव्हा मुलांच्या कार्यक्रमातल्या हिंसेवरून पालक संघटनांचा दबाव होता आणि चॅनलवाले घाबरून होते, त्यामुळे तवा डोक्यात घालणं बंद, शेपटीला आग लावणं बंद, आणि टॉम-जेरी चक्क दोस्त, एकत्र फिरतायत, स्पर्धेत भाग घेतायत. उंदीर-मांजरातलं हाडवैरच काढलं तर उरतं काय? हाना-बार्बेराला नावं ठेवू नका प्लीज, त्यांचे हात बांधलेले होते. ओळखायची खूण सोपी आहे, जेरीच्या गळ्यात लाल बो टाय दिसला आणि दोघं गळ्यात गळे घालून असले की बहुतेक ७५ चंच.

१९८० चं फिल्मेशन या दुसऱ्या स्टुडिओचं अजून वेगळं, त्यात पाठलाग परत आला पण जोर नाही.

आणि एक घोळ राहिलाच. जुने थिएटरवालेसुद्धा १९६५ पासून अमेरिकेत सीबीएस चॅनलवर शनिवारी सकाळी लागायचे, पण कापून आणि बदलून. ती फक्त पाय दिसणारी कृष्णवर्णीय बाई आठवते ना, मूळ आवाज लिलियन रँडॉल्फचा, तिच्या जागी काही शॉर्ट्समधे एक बारीक गोरी बाई नव्याने काढली आणि आवाज दिला जून फोरेने. त्यामुळे तुम्हाला आठवतं ते चित्र जुनं असलं तरी मूळच असेल असं नाही.