आत्मपरीक्षा : पंक्तीतून मनात गेलेली तयारी

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत एक वचन हटकून वाचले जाते : माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, त्या प्याल्यातून प्यावे. मग थोडा वेळ शांतता. माना खाली जातात आणि जो तो आपापली पापे आठवू लागतो. उपासनेसाठी मन तयार करणे म्हणजे हेच, अशी आपली समजूत झाली आहे. प्रेषित पौलाने हे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले ते इ. स. 54-55 च्या सुमारास. त्याच्यापुढचा प्रश्न मात्र चारचौघांतला होता. करिंथच्या मंडळीत सरळसरळ पंक्तिभेद चालला होता. प्रभूच्या नावाने जेवायला जमायचे, पण खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनी आधीच उरकून घ्यायचे. कुणी उपाशी, तर कुणी पिऊन तर्र. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे पौल विचारतो आणि उपायही साधा सांगतो : एकमेकांसाठी थांबा. आत्मपरीक्षेची आज्ञा या दोन वाक्यांच्या मधली आहे. ती वाचताना मागचापुढचा मजकूर सहसा गळतो, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

निर्मळ हात आणि शुद्ध मन ही अट स्तोत्रकर्त्यानेही घातली होती. येशूने तिला जागा आणि क्रम दिला : वेदीजवळ आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. आरंभीच्या मंडळीने हे शब्दशः घेतले. ‘दिदाखे’ नावाची एक फार जुनी ग्रीक पुस्तिका आहे. तिची प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. तिच्यात प्रभूच्या दिवशी भाकर मोडण्याआधी पापे कबूल करायला सांगितले आहे, आणि सोबत्याशी वैर असलेल्याने समेट होईपर्यंत जमावात येऊ नये असेही बजावले आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की प्रार्थना संपल्यावर विश्वासणारे चुंबनाने एकमेकांना सलाम करत आणि मग भाकर व प्याला पुढे आणला जाई. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन उपासनेतल्या ‘अंतःकरणे वर करा’ या हाकेचा उल्लेख करतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिरियातल्या उपासनाविधीत तर डीकनची, म्हणजे मंडळीच्या सेवकाची, आरोळीच आहे : कुणाच्या मनात कुणाविरुद्ध काही नसो, कुणी ढोंगाने येऊ नये.

पश्चिमेत पुढे ही तयारी हळूहळू खासगी झाली. आयरिश मठवासीयांनी धर्मगुरूपुढे एकट्याने पापे सांगण्याची रीत पसरवली आणि 1215 च्या लॅटेरन परिषदेने वर्षातून निदान एकदा तसे करणे बंधनकारक केले. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो याच परंपरेतला.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने तयारी पुन्हा सर्वांमध्ये आणली. याचे मला आवडणारे उदाहरण एका छोट्या प्रार्थनेचे आहे. ‘सर्व अंतःकरणे तुला उघडी आहेत’ अशा अर्थाची ती प्रार्थना इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या जुन्या पद्धतीत धर्मगुरू मिस्सेआधी, म्हणजे कॅथलिक प्रभुभोजनविधीआधी, स्वतःपुरती, लॅटिनमध्ये म्हणत असे. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर याने इंग्लंडच्या चर्चच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात ती इंग्रजीत आणून उपासनेच्या सुरुवातीलाच ठेवली. पापांगीकाराला बोलावताना मनापासून पश्चात्ताप आणि शेजाऱ्याशी प्रीती, अशा दोन्ही अटी त्याने एकाच वाक्यात घातल्या.

स्कॉटलंडमध्ये प्रकरण आणखी कडक होते. मंडळीचे वडील आधी परीक्षा घेत : विश्वासाची मूलतत्त्वे येतात का, वागणूक कशी आहे, शेजाऱ्याशी भांडण तर नाही ना. मग शिशाचा बिल्ला देत. तो असेल तरच मेजाशी जागा. पुढे गुरुवारी उपवास, शनिवारी तयारीचा उपदेश, रविवारी प्रभुभोजन असा क्रम बसला. 1630 मध्ये शॉट्स गावी सोमवारच्या उपदेशाने लोक हेलावले आणि उपकारस्तुतीचा सोमवारही त्याला जोडला गेला. बिल्ल्याचा जाच होताच, पण वडीलमंडळी तंटे खरोखर मिटवत. जर्मनीत मोरावियन ख्रिस्ती लोकांच्या हेर्नहुट वस्तीतही 1727 च्या मे महिन्यात आधी आपसातल्या वागणुकीचा करार झाला आणि 13 ऑगस्टचे, त्या लोकांत प्रसिद्ध झालेले प्रभुभोजन त्यानंतर.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि स्कॉटिश मिशनरी 1823 मध्ये कोकणात. दोघांनीही आत्मपरीक्षा आणली ती बरीचशी अंतर्मुख स्वरूपात. इथल्या पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांपुढे मात्र करिंथचाच प्रश्न उभा राहिला : कुणाच्या शेजारी बसायचे आणि कुणाच्या ओठाला लागलेल्या प्याल्यातून प्यायचे? नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आणखी पाच वर्षे थांबल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या स्वतःच क्रम सांगतात : शिवाशिव आणि जातिभेद आधी गेला, बाप्तिस्मा मागून. कुठल्याही बिल्ल्यापेक्षा मला ही तयारी मोठी वाटते.

समेटाची खूण उपासनेत परतली त्यात भारताचा वाटा आहे. दक्षिणेतल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन बनलेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाच्या 1950 च्या उपासनाविधीने केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची हातातून हातात शांती देण्याची रीत उचलली आणि ती अर्पणाच्या आधी ठेवली. रोमन मिस्सेत ही खूण प्रभूच्या प्रार्थनेनंतर येते. ती अर्पणाआधी न्यावी का, याचा अभ्यास करण्याची सूचना पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 मध्ये केली होती. 2014 मध्ये निर्णय लागला : खूण आहे तिथेच राहील, फक्त देवाणघेवाणीत गडबड आणि जागा सोडून फिरणे नको.