ब्रिटनमधील बातम्यांवरचा विनोद

आठवड्यातल्या राजकारणाची त्याच आठवड्यात, नावे घेऊन थट्टा करण्याची ब्रिटिश परंपरा. छापील व्यंग तिथे जुने आहे. लंडनचे ‘पंच’ हे साप्ताहिक १८४१ साली सुरू झाले आणि ठाण्याच्या ‘हिंदुपंच’ने नावही तिथूनच घेतले. पण विनोदी नटाने सत्तेवर असलेल्या पंतप्रधानाची उघड नक्कल करणे ही बरीच उशिराची गोष्ट. १९६८ पर्यंत नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे.

वळण आले १९६० साली, एडिंबरोच्या महोत्सवात. ‘बियाँड द फ्रिंज’ या कार्यक्रमात पीटर कुकने पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांची नक्कल केली. पुढे लंडनमध्ये खुद्द मॅकमिलन प्रेक्षकांत येऊन बसले, तेव्हा कुकने संहिता सोडून थेट त्यांनाच लक्ष्य केले. १९६१ मध्ये त्याने सोहो भागात ‘द एस्टॅब्लिशमेंट’ हा क्लब काढला. तो सभासदांपुरता खासगी असल्याने दरबारी परवानगीची गरज नव्हती. बीबीसीने नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ हा शनिवार रात्रीचा थेट कार्यक्रम सुरू केला. डेव्हिड फ्रॉस्ट त्याचा सूत्रधार होता. निवडणुकीचे वर्ष येत असल्याचे कारण देऊन १९६३ च्या अखेरीस तो बंद झाला. निवडणूक आणि निःपक्षपातीपणा ही प्रसारणसंस्थांची अडचण तेव्हापासून या विनोदाच्या मागे कायम लागलेली आहे.

आयटीव्हीवरच्या ‘स्पिटिंग इमेज’ने (१९८४–९६) नेत्यांचे रबरी बाहुले केले. त्यात लिबरल पक्षाचे डेव्हिड स्टील हे मित्रपक्षाचे नेते डेव्हिड ओवेन यांच्या खिशातले चिमुकले बाहुले असत. या चित्रणाने आपल्या प्रतिमेला मोठा धक्का बसला, असे स्टील यांनीच पुढे सांगितले. विनोदाचा राजकारणावर काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यायला हवे.

आज या परंपरेचा मुख्य साचा म्हणजे बातम्यांवरची प्रश्नमंजूषा. बीबीसीच्या रेडिओ ४ वरची ‘द न्यूज क्विझ’ १९७७ पासून चालू आहे. गुरुवारी प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रण होते आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रसारण. प्रश्न आणि गुण हे निमित्तमात्र. खरे काम आठवड्याच्या बातम्या उलगडण्याचे. जेरेमी हार्डी आणि लिंडा स्मिथ यांनी तिथे जो विनोद केला, त्यात संताप आणि करुणा एकत्र नांदत. तसे फार थोड्यांना जमते. दूरचित्रवाणीवर हाच साचा १९९० पासून ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ने रुजवला. पॉल मर्टन आणि ‘प्रायव्हेट आय’ या व्यंग-पाक्षिकाचे संपादक इयन हिस्लॉप हे त्याचे दोन कर्णधार. बदनामीच्या खटल्यांचा धाक इतका की ‘असा आरोप आहे’ अशी पुस्ती हीच कार्यक्रमाची ओळख झाली. १९९३ मध्ये मजूर पक्षाचे रॉय हॅटर्सली यांनी ऐन वेळी तिसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा त्यांच्या जागी चरबीचा डबा ठेवून कार्यक्रम पार पडला. मे २०१९ मध्ये मात्र युरोपीय निवडणुका तोंडावर असताना एका पक्षाच्या नेत्या पाहुण्या म्हणून होत्या, म्हणून बीबीसीने तयार भाग ऐन वेळी मागे घेतला.

याच कार्यक्रमावर गंभीर आक्षेपही आहे. पुढे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन १९९८ पासून इथे वारंवार आले आणि गबाळा, गमतीदार माणूस म्हणून घराघरांत पोचले. जो चांगला हसवतो त्याची चौकशी ढिली पडते, हा धोका या प्रकारात मुळातच आहे, आणि या उदाहरणात तो खरा ठरला असेच म्हणावे लागते.

संसदेची चित्रफीत मात्र या विनोदाला वर्ज्य आहे. १९८९ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्समध्ये कॅमेरे आले, ते उपहासासाठी किंवा करमणुकीसाठी दृश्ये न वापरण्याच्या अटीवर. त्यामुळे २०११ मध्ये अमेरिकेच्या ‘द डेली शो’ या बातम्यांवरच्या विनोदी कार्यक्रमाचा एक भाग ब्रिटनमध्ये दाखवता आला नाही: त्यात कॉमन्समधल्या कामकाजाची दृश्ये होती.