नाडी लागत नाही तेव्हा

१९०८ साली जपानमधले नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी २१ वर्षांच्या एका तरुणीचे डोळे तपासले. दृष्टीची नस डोळ्यात शिरते त्या जागेभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं कडं दिसलं. त्यांनी हे एका परिषदेत मांडलं, तेव्हा अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, असं इतर डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्यातलं कडं आणि हरवलेली नाडी, दोन्हींचं मूळ एकच होतं: छातीतल्या मोठ्या धमन्या अरुंद झाल्या होत्या.

हाच ताकायासू आर्टरायटिस. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींना शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे सूज येते, भिंत जाड होते, आतली वाट आवळत जाते. रुग्ण बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायका.

मेंदूला मानेतून चार धमन्या रक्त पुरवतात. आजार हळूहळू वाढत असल्यानं शरीर आडवाटा तयार करतं, त्यामुळे तक्रारीही आधी मोघम असतात: उठताना अंधारी, डोकेदुखी, क्षणभर धूसर दिसणं. हाताकडे जाणारी धमनी तिच्या उगमापाशीच बंद झाली असेल, तर गंमत नव्हे, खरोखर चोरी होते. धुणं पिळताना हाताला जास्त रक्त लागतं, आणि ते मेंदूकडे निघालेल्या मानेतल्या धमनीतून उलटं खाली ओढलं जातं. हात भरून येतो, भोवळ येते. अशा बाईला ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घे’ म्हणून परत पाठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण पुढचा टप्पा ऐन तारुण्यात अर्धांगवायूचा असू शकतो.

भारतात या आजाराच्या तावडीत पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या बऱ्याचदा सापडतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते रक्तदाब वाढवतं. मग झटके येतात, नजर जाते, कधी मेंदूत रक्तस्रावही होतो. आणि इथेच मोठी फसगत आहे. दंडाची धमनीच अरुंद असेल, तर यंत्रावर दाब नॉर्मल किंवा कमी दिसतो. मेंदूवर मात्र तो भयंकर असतो.

उपचार आहेत. स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं सूज उतरवतात. ती शमल्यावर गरज पडली तर फुगा घालून किंवा बायपास करून वाट मोकळी करतात. पण त्याआधी दोन्ही मनगटांची नाडी पाहायला हवी, दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजायला हवा, आणि हात दगा देत असतील तर पट्टा मांडीला बांधायला हवा.